पुढच्या वर्षीही नक्की

“ऊठ रे उजव्या. तू थोरला ना? तू उठलास की धाकटा मुकाट्याने येतो मागून. काल जिन्यावर पाहुण्यांदेखत काय नाटकं केलीत दोघांनी. शोभतं का या वयात?”

पहाटेचे साडेपाच वाजले होते. वनिता दोन दुलयांखाली, डोक्यावर लोकरी टोपी घालून, श्वाससुद्धा जपून घेत पडली होती. बोलणं शेजारच्या खोलीतून येत होतं, मधल्या सरकत्या कागदी दारातून. त्या दाराला भिंत म्हणणं म्हणजे पापडाला पोळी म्हणण्यासारखं. पलीकडे त्र्याऐंशी वर्षांच्या तोमी आजी आपल्या गुडघ्यांना उठवत होत्या. आधी उजव्याला दटावलं, मग डाव्याला चुचकारलं, मग एक लांबलचक ‘योइश्यो’ (आपण उठताना ‘आई गं’ म्हणतो, तेच ते) आणि त्यानंतर लाकडी जमिनीवर मोज्यातल्या पावलांची फरफट.

वनिताने डोळे घट्ट मिटले आणि आपण काही ऐकलंच नाही असं स्वतःला सांगितलं. जपानात चौदा वर्षं काढली की माणूस भाषा शिकतो, कचरा सात पिशव्यांत वेगळा करायला शिकतो आणि कागदी दारापलीकडचं न ऐकायलाही शिकतो. या तिसऱ्या विषयात वनिता अजून कच्ची होती.

तोकोनाई हे होक्काइदो बेटाच्या पार वरच्या टोकाकडचं गाव. एका डब्याची गाडी दिवसातून तीनदा येते, आणि कोणी उतरलं तर ड्रायव्हरच आधी चकित होतो. गावात माणसं अठ्ठावन्न, आणि बर्फ मात्र पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. तोमी आजींचं घर म्हणजे मिनशुकू, म्हणजे राहत्या घरातल्याच सहा खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि दोन्ही वेळा घरचं रांधून वाढायचं. गावात मुक्कामाची जागा तेवढी एकच. दर फेब्रुवारीत वनिता इथे तोक्योकडच्या हिगाशी-कसाई नि इचिकावाची मराठी मंडळी घेऊन यायची. हे सातवं वर्ष, दोन हजार एकोणीस. यंदा चौदा जण होते.

आता गंमत अशी, की वनिताला थंडी बिलकूल सोसत नसे. ती अकोल्याची. मे महिन्यात गच्चीवर पाय भाजले तरी “जरा ऊन आहे” एवढंच म्हणणाऱ्या माणसांत वाढलेली. बर्फ पाहिला की तिचे आधी कान दुखायचे, मग दात, मग मन. तरी ती यायची. का, ते सांगायचं तर दोन हजार अकराच्या मार्चमध्ये जावं लागेल.

तिचा नवरा गुरुनाथ एका संशोधन संस्थेत होता. इमारती भूकंपात कशा हलतात हाच त्याचा अभ्यासाचा विषय. तो विषय एका शुक्रवारी दुपारी स्वतःच चालत दारात आला. पुढचे तीन महिने गुरुनाथला घर आठवायलाही फुरसत नव्हती. इचिकावाच्या पाचव्या मजल्यावर वनिता, तीन वर्षांची क्षिप्रा आणि दिवसातून वीसदा हलणारा दिवा. ओळखीचे बहुतेक लोक विमान पकडून भारतात गेले. वनिताला जाता येईना, कारण मायलेकींचे पासपोर्ट नूतनीकरणासाठी दिलेले. अकोल्याहून फोन यायचे, तेही भूकंपासारखेच, एकामागून एक. शेवटी गुरुनाथच्या हायासाका नावाच्या सहकाऱ्याने गावी आपल्या काकांना विचारलं, काकांनी तोमी आजींना विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी वनिता लेकीला कडेवर घेऊन तोकोनाईच्या स्टेशनात उतरली.

स्टेशनावर एक ठेंगणी बाई लाकूड वाहायची घसरगाडी घेऊन उभी होती. तिने काही विचारलं नाही. क्षिप्राला उचलून गाडीत बसवलं, स्वतःचा कोट तिच्यावर घातला आणि दोर ओढत चालू लागली.

त्या घरात वनिता चाळीस दिवस राहिली. या पाहुण्यांना मासे चालत नाहीत हे कळल्यावर आजींनी चाळीस दिवस सगळ्या घरासाठी समुद्री शेवाळाचंच सूप केलं, आणि गाव लाल भोपळे नि बटाटे आणून देत राहिलं. वनिता तेव्हा पूर्ण कपडे घालून झोपायची, बूट उशाशी ठेवायची. पळायची वेळ आली तर. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी दार सरकवलं तेव्हा तिने पाहिलं, आजींच्या उशाशीही त्यांचे रबरी गमबूट ठेवलेले. इथे तर जमीन हललीसुद्धा नव्हती. आजी म्हणाल्या, “एकटीने बूट घेऊन झोपायला कसंतरीच वाटत असेल.” त्या दिवसापासून वनिताला झोप लागू लागली.

निघताना तिला बोलता येईना. आभाराचे जेवढे जपानी शब्द पाठ होते तेवढे संपले होते. मग भिडेस्तव तिच्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या वर्षीही नक्की येईन.” आजींनी कमरेत वाकून म्हटलं, “वाट बघते.”

बोललं की करावं लागतं. पुढच्या वर्षी ती घरच्यांना घेऊन गेली आणि पाहुण्यांच्या वहीत अख्ख्या हिवाळ्यात जेमतेम चार नावं दिसली. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, आपण या घराच्या खोल्या भरायच्या. उपकार फिटत नसतात हे खरं, पण खोल्या तर भरता येतात. तेव्हापासून दर फेब्रुवारीला ती माणसं गोळा करायची, दात वाजवत बर्फाकडे बघून “सुंदर!” म्हणायची आणि निघताना तेच वाक्य बोलायची. आजीही तेच उत्तर द्यायच्या. पुढे ते वाक्य संध्याकाळच्या शुभंकरोतीसारखं होऊन गेलं. अर्थाकडे लक्ष न देता म्हणायचं.

त्याच दिवशी, शनिवारी, नाश्त्यानंतर हायासाका काका गाव दाखवायला आले. वय चौऱ्याहत्तर. स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण टोपी अजून तीच. ते जपानीत सांगत आणि वनिता मराठीत आणत असे, जरा मीठ-मिरची लावून.

एकशे बारा वर्षांपूर्वी दक्षिणेकडे पुराने शेती वाहून गेलेली अठरा कुटुंबं इथे आली. सरकारने जमीन दिली, पण जमिनीवर काय आहे ते सांगितलं नाही. पहिला हिवाळा त्यांनी गवताच्या झोपड्यांत काढला. त्यात एक झोपडी रात्रीतून बर्फाखाली गेली आणि चार दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळीकडे पांढरंच. तेव्हापासून गावात नेम पडला. प्रत्येक दारापुढे छपराहून उंच बांबू रोवायचा आणि सकाळी चूल पेटली की त्याला निळं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की घर ठीक आहे. आठ वाजेपर्यंत नाही दिसलं, तर शेजाऱ्यांनी फावडी घेऊन निघायचं.

मग लाकूडतोड आली, रेल्वे आली, चौदाशे माणसं झाली, शाळा झाली, सिनेमाचं थिएटरसुद्धा झालं. मग लाकूड संपलं, आणि जे ज्या क्रमाने आलं होतं ते साधारण त्याच क्रमाने गेलं. शाळेत शेवटी एकच मुलगी उरली होती आणि तिच्यासाठी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक असे दोघेही होते. शाळा बंद झाल्यावर गावच्या बैठकीत विचार निघाला की आता आपल्याकडे आहे काय? कोणीतरी वैतागून म्हणालं, बर्फ. तेच धरून बसले. आता तैवानहून दोन गट येतात, सप्पोरोची कॉलेजची मुलं येतात, वनिताची मंडळी येतात. बांबूच्या चौकटी पायाला बांधून जंगलात चालतात, बर्फात गुहा खणून बसतात आणि रविवारी छपरावर चढून बर्फ उपसतात.

“म्हणजे यांच्या घरावरचा बर्फ आपण उपसायचा, आणि तोही हौसेने?” जयमालाने विचारलं. हिगाशी-कसाईची जयमाला पहिल्यांदाच आली होती आणि स्टेशनात उतरल्यापासून तिचं तोंड चालू होतं. “वनिताताई, लोक जपानात फुलं बघायला येतात हो. तुमच्या नादी लागून आम्ही फ्रीजरमध्ये आलो.”

वनिता हसली. हसताना ओठ उलला.

गल्लीत दोन्ही बाजूंना निळी फडकी फडफडत होती. सगळे फोटो काढू लागले. वनिताला ठाऊक होतं की यातली निम्मी घरं रिकामी आहेत. पाहुणे यायचे असले की हायासाका काका आदल्या दिवशी फिरून रिकाम्या घरांच्या बांबूंनाही फडकी बांधतात. गाव भरलेलं दिसतं. हे मराठीत सांगायचं तिने दरवर्षीप्रमाणे टाळलं.

परतताना काकांनी तिला मागे थांबवलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. पुढच्या हिवाळ्याच्या तारखा होत्या. वनिता-सानचा गट पक्का झाला की त्याच्या मागेपुढे बाकीचे बसवता येतात, जिल्ह्याच्या कचेरीतही सांगता येतं. उद्या निघायच्या आत सही केली तर बरं. बोलताना ते तिच्याकडे नाही, टोपीच्या काठाकडे बघत होते.

तिने कागद घेतला. सही तिथेच करता आली असती, सहा वर्षं तशीच केली होती. पण पहाटेचा तो उजवा गुडघा आडवा आला.

रात्री तिने घरी फोन करून गुरुनाथला विचारलं. तो म्हणाला, आजींनी कधी नको म्हटलंय का? नाही ना? मग आपण कोण ठरवणार? त्यांचं घर तेवढ्यावर उभं आहे. तसं बघितलं तर सगळ्या गावाचा हिवाळाच त्या एका बाईवर उभा आहे. पुढे तो म्हणाला, म्हणजे तिच्या दोन गुडघ्यांवर. इमारतींचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या तोंडून ते जरा जास्तच बरोबर वाटलं.

रविवारी पहाटे साडेपाचला पलीकडून पुन्हा सुरुवात झाली. “ऊठ रे उजव्या.” मग काहीच नाही. थोड्या वेळाने पुन्हा, हळू, “ऊठ ना रे.” मग बराच वेळ शांतता. ‘योइश्यो’ आलंच नाही.

वनिता उठून बसली. कागदी दार हाताच्या अंतरावर होतं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. तो बेशुद्ध माणसाचा नव्हता, झोपलेल्याचाही नव्हता. बसून राहिलेल्या माणसाचा होता. हाक मारावी, दार सरकवावं, हात द्यावा, एवढंच तर करायचं होतं. पण आजींनी सात वर्षांत कोणाला आपल्या खोलीत येऊ दिलं नव्हतं, आणि कोणाचा हातही घेतला नव्हता. भीड भिकेची बहीण म्हणतात. तासभर वनिता त्या बहिणीच्या मांडीला मांडी लावून बसून राहिली.

सात वाजले. साडेसात वाजले. खिडकीतून बांबू दिसत होता, नागवा. आठ वाजले की गाव फावडी घेऊन येणार, आणि आजी अंथरुणात बसलेल्या सगळ्यांना दिसणार. पाहुण्यांदेखत. ते काही तिला सोसेना. तिने गमबूट चढवले, दाराशी खुंटीवरचं निळं फडकं घेतलं आणि बाहेर गेली. दार सरकवायला एक बोट पुरलं असतं, त्याऐवजी ती मांडीएवढ्या बर्फातून बांबूपर्यंत गेली. बोटं वाकत नव्हती. जी गाठ जन्मभर मारली तीच बसली, परकराच्या नाडीची सुरगाठ.

मागे वळली तर हायासाका काका. एकटेच, फावडं न घेता. आणि त्यांच्या हातात दुसरं निळं फडकं.

मग काकांनी फडकं खिशात कोंबलं, चोरी सापडल्यासारखं, आणि खाली बघत सांगू लागले. ही पहिली वेळ नव्हती. नववर्षानंतर आठवड्यातून दोनदा-तीनदा असं व्हायचं. ते यायचे आणि बांधून जायचे. ते नसले तर शेजारच्या ससाकींची बायको बांधायची. गावाने ठरवून नाही केलं, एकेकाने आपापलं केलं आणि दुसऱ्याला सांगितलं नाही.

वनिताने विचारलं, मग तारखांचा कागद कशाला दिलात?

काकांनी टोपी काढली. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसले. “दोन वर्षांपूर्वी तोमी-सान बंद करणार होती,” ते म्हणाले. “मला म्हणाली, पण वनिता-सानला कसं सांगू? भूकंपात चाळीस दिवस राहिली ती पोर, आणि अजून तोक्योहून माणसं घेऊन येते. त्या लोकांना बर्फाचं केवढं वेड आहे. त्यांना नाही म्हणायचं म्हणजे उपकार विसरणं.”

वनिता बर्फात उभीच राहिली. सात वर्षं! दातावर दात आपटत ती या बाईसाठी येत होती, आणि ही बाई गुडघ्यांची मनधरणी करत तिच्यासाठी उठत होती. दोन्हीकडून उपकार फेडणं चाललं होतं आणि मधल्यामध्ये चौदा मराठी माणसं गारठत होती. तिला हसू आलं, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत थंडगार झालं.

आत आल्यावर तिने जयमालाला उठवलं. भात रात्रीच टायमर लावून ठेवलेला होता. सूप वनिताने केलं, शेवाळाचंच. आणि जयमालाने, तोंड चालू ठेवूनच, सोबत आणलेल्या पोह्यांचे कांदेपोहे केले. कारण न विचारता केले. तेवढ्यासाठी वनिताने तिला फ्रीजर माफ केला.

साडेआठला सगळे बुटक्या टेबलाभोवती बसले होते. काका दाराजवळ गुडघे मुडपून, चहाच्या पेल्यात बघत. तेव्हा तोमी आजी आल्या. केस चापून विंचरलेले, एप्रन बांधलेला, एक हात भिंतीवर. “उशीर झाला, माफ करा,” म्हणत त्या खाली बसल्या. बसायला वेळ लागला. सगळ्यांनी एकदम पोह्यांकडे लक्ष दिलं. अकरा वर्षांच्या क्षिप्राने आजींच्या मांडीखाली आपली उशी सरकवली आणि जपानीत म्हणाली, यावर बस, ऊब आहे.

आजींनी खिडकीतून बांबूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ती गाठ कोणाची?” त्यांनी विचारलं.

काकांनी पेला खाली ठेवला.

“हायासाका सिग्नलचं निशाण बांधल्यासारखी बांधतो, दोन वेढे. ससाकीची बायको भेटवस्तूवर मारतात तशी फुलाची मारते. ही नवीन आहे.” त्यांचा आवाज शांत होता. “मी आत बसून असते, पण खिडकी बाहेरच उघडते हो माझी.”

काकांचे कान लाल झाले. म्हणजे आजींना हिवाळाभर सगळं ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे कळलं तर बिचाऱ्यांना लाज वाटेल, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

“माझी आहे,” वनिता म्हणाली. तिने मांडीवरचा तो तारखांचा कागद उचलला आणि सही न करता टेबलावरून काकांपुढे सरकवला. मग ती आजींकडे वळली. चौदा वर्षांची जपानी भाषा तिला आयत्या वेळी दगा देत होती, म्हणून सगळ्यात सोपी वाक्यं तिने निवडली.

“आजी, मला बर्फ आवडत नाही. कधीच नाही आवडला. कान दुखतात माझे. मी बर्फासाठी येत नव्हते. तुमच्यासाठी येत होते. खोल्या नसल्या तरी येईन, उन्हाळ्यात येईन, एकटी येईन. स्वयंपाक मी करेन.”

टेबलाभोवती ज्यांना जपानी कळत होतं ते थिजले. ज्यांना कळत नव्हतं त्यांनी, इतरांचे चेहरे बघून, हातातले चमचे खाली ठेवले. तोमी आजींनी तोंडावर हात धरला. आधी खांदे हलले, मग हातामागून हसू बाहेर आलं. मुलीसारखं, न आवरणारं.

“सात वर्षं,” त्या म्हणाल्या, “सात वर्षं ‘सुंदर, सुंदर’ म्हणत होतीस गं.”

“दात वाजत होते तेव्हा.”

“मला वाटायचं, तुमच्याकडे आनंद झाला की तसंच होतं.”

काकांनी तो कागद उचलला, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि टोपीच्या आत ठेवून दिला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. गावाच्या वतीने म्हणावं असं काहीतरी. एकशे बारा वर्षांचं, मोठं. पण त्यांनी फक्त टेबलावर कपाळ टेकेपर्यंत मान लववली आणि तसेच राहिले.

आजींचं हसू ओसरलं. त्यांनी दोन्ही तळवे दोन गुडघ्यांवर ठेवले, शेजारच्या दोन लेकरांच्या डोक्यांवर ठेवावेत तसे. खिडकीबाहेर निळं फडकं वाऱ्यावर उलटसुलट होत होतं, सुरगाठ मात्र टिकून होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा काकांच्या वाकलेल्या मानेकडे, आणि मग जो शब्द त्या घरात कोणी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता, तो अगदी साध्या आवाजात, चहा आणखी हवा का विचारावं तसा म्हणाल्या.

“दमले गं मी.”